झुकतं माप

वर्षातून दोनदा मी बाजारात जातो
पितळी वजनांची पेटी घेऊन.
हिरव्या मखमलीत निजलेली अकरा वजनं,
सगळ्यांत धाकटं तर चिमट्यानंच उचलायचं.
नगरपालिकेनं नेमून दिलेलं काम एवढंच :
कुणाच्या मापात पाप नाही ना, बघायचं.

बाजार भरतो बुटांच्या बंद कारखान्यासमोर,
कामगारांच्या गाड्या लागायच्या त्या डांबरावर.
पांढऱ्या रेघा अजून आहेत.
दोन रेघांमध्ये एक टेबल, एक छत्री.
सत्तेचाळीस नंबरात माझे वडील गाडी लावत,
तिथे आता बातुला बसते, सोमालियाहून आलेली,
समोर लाल माठाच्या जुड्या, पांढरा मका
आणि भेंडी. मेन राज्याच्या या थंडीत भेंडी!
पहिल्या वर्षी लोक जुडी उचलायचे,
हुंगायचे, आणि जागच्या जागी ठेवायचे.

शेजारच्या छत्रीखाली ओदील थिबोदो, वय एक्क्याऐंशी,
बटाटे, बीट, अंडी.
एका शनिवारी तिला राहवेना :
"हे खायचं तरी कसं?"
बातुलाचं इंग्रजी तेव्हा चार शब्दांचं,
ओदीलही मनातल्या मनात फ्रेंचमध्येच मोजणारी.
मग हातांनीच झालं सगळं :
चिर, कांदा घाल, तेल, झाकण,
शेवटी पोटावरून फिरवलेला तळवा.
पुढच्या आठवड्यात ओदीलनं डबा आणला.
मीठ फार पडलं होतं.
बातुलानं तोंड वाकडं केलं
आणि डबा पुसून खाल्ला.

तर, वजनांचं सांगत होतो.
कालेबचा काटा मी तीनदा तपासला.
काटा बिनचूक.
तरी घरी नेलेली त्याची पाच पौंड गाजरं
माझ्या तराजूवर साडेपाच भरत.
"काट्यात खोट नाही," तो म्हणाला, "हातात आहे."
वजन झालं की वरून एक टाकायचं,
त्याची आजी टाकायची म्हणे.
बातुला टाकते. ओदील टाकते,
वर कुरकुरतेसुद्धा.
माझ्या फॉर्मवर दोनच रकाने :
'बरोबर' आणि 'कमी'.
जास्तीचा रकाना छापलेलाच नाही.

ऑगस्टात गारा पडल्या, बारा मिनिटं.
माठ चिखलात गेला, मका आडवा झाला.
शनिवारी मला वाटलं, सत्तेचाळीस आज रिकामा.
बातुला आली होती.
टेबल मांडलेलं, कापड घातलेलं,
त्यावर धुतलेला काटा
आणि ओदीलला परत द्यायचे अंड्यांचे रिकामे ट्रे.
"आज काय आहे?" कुणीतरी विचारलं.
"काही नाही."
"मग?"
"शनिवार आहे," ती म्हणाली.

लोक थांबले. काय बोलावं कळेना, तरी थांबले.
जुलैतले तीन डॉलर राहिलेत म्हणत एक जण देऊन गेला.
ते राहिले नव्हते, हे तिला माहीत होतं, त्यालाही.
ओदीलनं स्वतःची खुर्ची रेघ ओलांडून अलीकडे घेतली.
कालेबची बायको बाळ घेऊन आली, चार आठवड्यांचं,
आणि रिकामा काटा बघून
कुणाच्या डोक्यात आलं कुणास ठाऊक,
पारड्यात टॉवेल अंथरला गेला.

मी पेटी उघडली. काम ते काम.
आधी पाच पौंडांचं पितळ ठेवून पाहिलं : बरोबर.
टॉवेलचं वजन वजा केलं.
मग ती मूठभर मुलगी निजली पारड्यात,
काटा थरथरला, श्वासाबरोबर हलत राहिला.
नऊ पौंड, दोन औंस.
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.
"सव्वानऊ," मी मोठ्यानं सांगितलं.

टाळ्या पडल्या. मुलगी रडली.
ओदीलनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
आकडा तिलाही दिसला होता.
ती काही बोलली नाही.
माझ्या बटाट्यांच्या पिशवीत
वरून एक बीट टाकलं.